दारूमुक्ती चळवळ, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील

महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत १९८० नंतरच्या दशकात दारूच्या, व पुढे तंबाखूच्या, व्यसनाविरुद्ध उभी राहिलेली लोकचळवळ. ‘सर्च’ ही गडचिरोलीची आरोग्यसंस्था, तिचे संस्थापक डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग, चंद्रपूर जिल्ह्यातील श्रमिक एल्गार ही संघटना व तिच्या नेत्या पारोमिता गोस्वामी, तसेच मेंढा (लेखा) येथील ग्रामसभा व तिचे मार्गदर्शक ही या चळवळीची प्रमुख केंद्रे होत. गडचिरोलीत १९९३ मध्ये व चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेली जिल्हाव्यापी दारूबंदी हे या चळवळीचे दृश्य फलित होय. त्यांपैकी चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली.

प्रदेश : पूर्वीच्या चांदा (चंद्रपूर) जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. दोहोंच्या दरम्यान बऱ्याच अंतरापर्यंत वैनगंगा नदीची सीमा आहे. नदीच्या पश्चिमेस कोळशाच्या खाणी, बल्लारपूरचा कागद कारखाना, सिमेंटचे कारखाने व औष्णिक वीजकेंद्र असलेला, रोख मजुरीवर चालणारा मुलूख, तर पूर्वेस धान, तेंदूपाने, बांबू व मोहफुले यांवर जगणारा अरण्यप्रदेश आहे. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूरची लोकसंख्या २२,०४,३०७ व गडचिरोलीची १०,७२,९४२ असून गडचिरोलीतील सुमारे ३८·७ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांत गोंड व माडिया प्रमुख होत. दारूचा प्रश्न दोन्ही जिल्ह्यांत तीव्र असला, तरी त्याचे स्वरूप एकच नाही. चंद्रपुरात तो पगाराच्या दिवशी दुकानासमोर लागणाऱ्या रांगेचा आहे. गडचिरोलीत मात्र परंपरेच्या आधाराने घरात आलेल्या व पुढे व्यापाराने हाती घेतलेल्या वस्तूचा आहे. ही भिन्नता लक्षात न घेतल्यास एका जिल्ह्यात टिकलेली बंदी दुसऱ्यात सहा वर्षांत का संपली, याचा उलगडा होत नाही.

मोह आणि दारू : या भागात मोहाचे झाड केवळ दारूचे झाड नव्हे. मार्च-एप्रिलमध्ये रात्री गळालेली फुले पहाटे वेचण्यासाठी सारे घर रानात जाते. वाळविलेली फुले टंचाईच्या महिन्यांत खाल्ली जातात व बाजारात विकून मीठ-कापड आणले जाते. बियांचे म्हणजे टोळीचे तेल काढतात. फुलांत शर्करेचे प्रमाण मोठे असल्याने ती पाण्यात भिजत ठेवली म्हणजे काही दिवसांत आंबतात. हा आंबलेला ‘सडवा’ मडक्यात उकळून निघणारी वाफ थंड पाण्याने निवविली की दारू मिळते. जन्म, विवाह, मरण, देवपूजा व पूर्वजांचे स्मरण अशा प्रसंगी गोंड समाजात ही दारू धरणीवर शिंपडून मग घेतली जाते [⟶ गोंड]. ती अमुक दिवशी, अमुक निमित्ताने व जमातीच्या नजरेसमोर प्यावयाची असल्याने तिच्या सेवनाला एक मर्यादा होती. ती मर्यादा सर्वत्र व सर्वकाळ पाळली जात होती असे मात्र मानता येत नाही. जमातींच्या पूर्वजीवनाचे रम्य चित्र रंगविणाऱ्या लेखनात ही बाब नेहमी सुटते.

ब्रिटिश अंमलात अबकारी हे महसुलाचे साधन झाले. घरगुती दारूवर निर्बंध आले व विक्रीचे मक्ते लिलावाने दिले जाऊ लागले. स्वातंत्र्योत्तर काळात अनुज्ञप्ती असलेली देशी दारूची दुकाने दूरवरच्या गावांपर्यंत पोहोचली. त्यांच्या जोडीला गूळ व नवसागर घालून झटपट दारू गाळणाऱ्या हातभट्ट्या आल्या. सणाची दारू रोजची झाली, आणि पूर्वी फुले वेचून घरी दारू गाळणारी बाई नवऱ्याच्या उधारीचे पैसे दुकानदाराला देऊ लागली. केंद्र शासनाने १९७० नंतरच्या दशकात आदिवासी क्षेत्रांसाठी ठरविलेल्या अबकारी धोरणात दारूची व्यापारी विक्री बंद करावी व जमातींना स्वतःपुरती पारंपरिक पेये करण्याची मुभा असावी, असे म्हटले होते. प्रत्यक्षात दुकाने चालूच राहिली. पुढे गडचिरोलीच्या आंदोलनाने शासनापुढे ठेवलेली मागणी नवी नव्हती. शासनाने आपलेच धोरण पाळावे, एवढीच ती होती.

पूर्वपीठिका : दारूबंदी हा म. गांधींच्या विधायक कार्यक्रमाचा भाग होता, आणि सेवाग्राम ज्या वर्धा जिल्ह्यात आहे तेथे दारूबंदी आधीपासून लागू होती. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेये व द्रव्ये यांच्या सेवनास प्रतिबंध करण्याचा प्रयत्न हे राज्याचे कर्तव्य ठरविले असून मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने अमलात आहे. विदर्भाच्या खेड्यांत मात्र कायद्यापेक्षा तुकडोजी महाराजांच्या (१९०९–६८) खंजिरी भजनांचा परिणाम अधिक झाला. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळांतून निर्व्यसनीपणाचा आग्रह धरला जाई व चिमूर, ब्रह्मपुरी भागांत या मंडळांचे जाळे दाट होते. पुढील चळवळीतील अनेक गावांना सामुदायिक प्रार्थना व ग्रामसफाई यांची सवय पूर्वीपासून होती, ती यामुळेच.

बंग दांपत्य व सर्च : अभय बंग यांचा जन्म १९५० मध्ये वर्धा येथे झाला. त्यांचे वडील ठाकूरदास बंग हे अर्थशास्त्राचे अध्यापक व सर्वोदयी कार्यकर्ते होते. राणी बंग (पूर्वाश्रमीच्या चारी) या मूळच्या चंद्रपूरच्या. दोघांचे वैद्यकीय शिक्षण नागपूर येथे झाले. अभय बंग यांनी वैद्यकशास्त्रात, तर राणी बंग यांनी स्त्रीरोगशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली व त्यानंतर दोघांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. धानोरा मार्गावर चातगावजवळ वसविलेल्या ‘शोधग्राम’ या परिसरात संस्थेचे मुख्य केंद्र आहे. मोठ्या इमारतीच्या रुग्णालयाचे भय वाटते, असे आदिवासींनी सांगितल्यावर येथील दवाखाना आदिवासी वस्तीच्या धर्तीवर बांधण्यात आला व त्याला दंतेश्वरी या देवीचे नाव देण्यात आले.

संस्थेची जागतिक ख्याती प्रामुख्याने दोन संशोधनांवर आधारलेली आहे. गडचिरोलीतील दोन खेड्यांतील स्त्रियांची तपासणी करून ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे १९८९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात दाखवून देण्यात आले. नवजात अर्भकांची घरीच, प्रशिक्षित गावकरी स्त्रीकडून काळजी घेतल्यास मृत्यूचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटते, हे १९९९ मध्ये त्याच नियतकालिकातून सिद्ध झाले. दारूचा प्रश्न या संशोधनांच्या बाहेरचा वाटला, तरी तो त्यांच्यातूनच पुढे आला. आजाराविषयी विचारले असता स्त्रिया नवऱ्याच्या दारूविषयी बोलत. मारहाण, विकलेले धान, पोरांची उपासमार या गोष्टी तपासणीच्या कागदावर नोंदविण्यासाठी रकाना नव्हता, पण तक्रार त्यांचीच होती. लोकांना जो आजार वाटतो त्यापासून आरोग्यसेवेने आरंभ करावा, ही बंग दांपत्याची भूमिका असल्याने दारू हा आरोग्याचा प्रश्न म्हणून हाती घेणे क्रमप्राप्त झाले. हा निर्णय धोक्याचा होता. दवाखान्याला सर्वांचा आधार लागतो, आणि दारूचा व्यापार करणारे लोक जिल्ह्यातील वजनदार लोक होते.

राणी बंग यांचा वाटा येथे वेगळा सांगणे आवश्यक आहे. चळवळीची मांडणी, आकडेवारी व शासनाशी युक्तिवाद ही अभय बंग यांच्या नावे अधिक ओळखली जातात. स्त्रियांचा विश्वास मात्र स्त्रीरोगाच्या तपासणीतून, बाळंतपणातून व सुईणींच्या मैत्रीतून मिळाला होता. तो नसता तर गावसभेत नवऱ्यासमोर उभे राहून दारूविरुद्ध बोलण्यास बायका पुढे आल्या असत्या काय, याची शंकाच आहे. दोघांना २०१८ मध्ये पद्मश्री हा किताब देण्यात आला.

गडचिरोलीचे आंदोलन (१९८८–९३) : आंदोलनाची पद्धत तत्कालीन दारूविरोधी मोर्च्यांपेक्षा निराळी होती. दुकान फोडण्यापूर्वी हिशेब मांडावयाचा, असे ठरले. गावकऱ्यांनीच आपल्या गावात पिणारे किती, त्यांत व्यसनी किती, दारूवर खर्च किती व तिच्यामुळे घडलेले मृत्यू व भांडणे किती याची मोजदाद केली. व्यसनी कोणास म्हणावे, यावर गावोगाव चर्चा झाली. ज्याला सकाळी उठल्यावर प्याल्यावाचून हात स्थिर ठेवता येत नाही, त्याच्याविषयी गावात दुमत नसे. या मोजदादीतून जिल्ह्यातील लोक दारूवर करीत असलेला खर्च शासनाच्या जिल्हाविकासाच्या वार्षिक तरतुदीपेक्षा अधिक असल्याचे निष्पन्न झाले. दारूच्या महसुलातून विकास होतो या युक्तिवादास दिलेले ते उत्तर होते आणि ते खेड्यातील माणसालाही समजत होते. या कामावरील बंग यांचा लेख १९९१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्ल्ड हेल्थ फोरम या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्यानंतर दारूमुक्तीसाठी जिल्हाव्यापी संघटन उभे राहिले. शेकडो गावांनी ठराव केले. युवक मंडळे, महिला मंडळे, शिक्षक व विविध पक्षांचे कार्यकर्ते त्यात सामील झाले. अनेक गावांनी शासनाची वाट न पाहता स्वतःच गावबंदी केली. भट्टी सापडल्यास सडवा ओतून द्यावयाचा, विकणाऱ्यास दंड करावयाचा व दंडाची रक्कम गावाच्या कामी लावावयाची, असा तिचा साधा व्यवहार होता. अखेर १९९३ मध्ये राज्य शासनाने गडचिरोली जिल्ह्यातील मद्यविक्रीच्या अनुज्ञप्त्या बंद केल्या. याच सुमारास दक्षिणेकडील आंध्र प्रदेशात नेल्लोर जिल्ह्यातील दुबगुंटा गावच्या स्त्रियांनी सुरू केलेले अर्रकविरोधी आंदोलन (१९९२) राज्यभर पसरले व तेथे १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. ती १९९७ मध्ये मागे घेण्यात आली. गडचिरोलीची बंदी मात्र टिकून राहिली.

मेंढा (लेखा) : धानोरा तालुक्यातील या लहान गोंड गावाने दारूचा प्रश्न जिल्ह्याच्या आंदोलनापेक्षा निराळ्या वाटेने सोडविला. देवाजी तोफा हे गावचे पुढारी. चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून आलेले सोबती होते. स्वतःला नेता न म्हणविण्याविषयी ते दक्ष असत. गावात अभ्यासगट चालत व निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने घेतले जात. सर्वसहमती म्हणजे पिणाऱ्याचीही सहमती. त्यामुळे निर्णयास विलंब लागे, पण तो मोडण्यास कोणी मोकळा राहत नसे. बायकांनी ग्रामसभेत समान स्थान मागितले आणि दारूच्या नियंत्रणाचा आग्रह धरला. विक्रीची दारू गावातून गेली व देवकार्यापुरती मोहाची दारू राहिली. शासनाच्या कायद्याला जो भेद करता येत नाही, तो पूजेची दारू आणि धंद्याची दारू यांतील भेद या गावाने केला. याच ग्रामसभेला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या कीर्तीपुढे दारूचा निर्णय झाकोळला गेला असला, तरी जंगल सांभाळण्याची शिस्त ज्या सभेत रुजली, ती सभा शुद्धीवर असणे ही पहिली अट होती.

पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, १९९६ अन्वये अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री व सेवन यांचे नियमन वा बंदी करण्याचा अधिकार मिळाला व महाराष्ट्राने त्याखालील नियम २०१४ मध्ये केले.

चंद्रपूर : येथील लढा श्रमिक एल्गार या संघटनेने चालविला. पारोमिता गोस्वामी यांनी १९९९ च्या सुमारास स्थापन केलेली ही संघटना मूलतः मजुरी, जमीन व वनहक्क या प्रश्नांवर काम करणारी होती. मजुरीचा दर वाढवून घेतला तरी वाढ दुकानात जाते, हा अनुभव येथे निर्णायक ठरला. डिसेंबर २०१० मध्ये हजारो स्त्रिया चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत विधानमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गेल्या. परिणामी शासनाने तत्कालीन पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तीत अभय बंग यांचाही समावेश होता. समितीने बंदीची शिफारस केली, पण निर्णय तीन वर्षे रखडला. २०१४ मधील सत्तांतरानंतर, अर्थमंत्री व पालकमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या पुढाकाराने, जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने बंदीचा निर्णय घेतला. त्यामुळे वर्धा, चंद्रपूर व गडचिरोली हा सलग पट्टा दारूबंदीखाली आला.

बंदीची अंमलबजावणी कठीण गेली. जिल्ह्याला लागून नागपूर व यवतमाळ हे दारू चालू असलेले जिल्हे आणि तेलंगण राज्य आहे. शहरी ग्राहक मोठा, त्याच्या हाती पैसा रोख आणि रस्ते चांगले. चोरटी वाहतूक वाढली व पकडलेल्यांत बायका व अल्पवयीन मुलेही आढळू लागली. २०१९ मध्ये पुन्हा सत्ताबदल झाल्यावर निवृत्त प्रशासकीय अधिकारी रमानाथ झा यांच्या समितीकडून आढावा घेण्यात आला व २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने बंदी उठविली. अवैध दारू, वाढलेले गुन्हे व बुडालेला महसूल ही कारणे देण्यात आली. बंदीच्या समर्थकांचे म्हणणे असे की, चोरीचे गुन्हे वाढले म्हणून चोरीविरोधी कायदा कोणी रद्द करीत नाही. बंदीने दारू शून्यावर येत नसून घटते, आणि घट हेच मोजण्याचे माप असावे. दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांत तथ्य आहे. तथापि चंद्रपुरात बंदी मुख्यतः शासनाने आणली व शासनानेच नेली, हे नाकारता येत नाही. गडचिरोलीत बंदीच्या खाली गावांचा पाया होता. चंद्रपुरातील स्त्रियांचे आंदोलन प्रखर असूनही खाणींच्या व कारखान्यांच्या वस्त्यांत, जेथे शेजारी शेजाऱ्यास ओळखत नाही, तसा पाया घालण्यास अवधी मिळाला नाही.

बंदी नसलेल्या भागासाठी २००८ च्या शासकीय आदेशात मतदानाची तरतूद आहे. गावातील वा प्रभागातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीच्या चिन्हावर मत दिल्यास तेथील दुकान बंद होते. ‘बाटली आडवी करणे’ हा वाक्प्रयोग त्यावरूनच रूढ झाला.

उपचार : दुकान बंद झाल्याने व्यसनी बरा होत नाही. दीर्घकाळ पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडल्यास काही तासांत कंप, घाम, मळमळ व निद्रानाश सुरू होतो. काहींना झटके येतात व दोन-तीन दिवसांनी भास व संभ्रम होऊन जिवास धोका संभवतो. म्हणून प्रारंभीचे दिवस वैद्यकीय देखरेख, शामक औषधे व ब-१ जीवनसत्त्व यांची गरज असते. त्यानंतरचे काम, म्हणजे पुन्हा न पिणे, औषधाचे कमी व सोबतीचे अधिक आहे. महाराष्ट्रात या कामाची घडी अनिल अवचट (१९४४–२०२२) व डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या मुक्तांगण केंद्राने बसविली. निवासी उपचार, समुपदेशन व बऱ्या झालेल्या व्यसनींनीच नव्यांस हात देणे ही मुक्तांगणची रीत होय. भामरागड वा एटापल्लीच्या माणसाला महिनाभर घर, धान व गुरे सोडून शहरातील केंद्रात राहणे शक्य नसते. त्यामुळे गडचिरोलीत उपचारच गावाकडे न्यावा लागला. तालुक्याच्या ठिकाणी नियमित उपचारवर्ग व गावात अल्पकाळाची शिबिरे ही त्याची रूपे होत.

मुक्तिपथ : २०१६ पासून राज्य शासन, सर्च व टाटा न्यास यांनी मिळून गडचिरोलीच्या बाराही तालुक्यांत ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम हाती घेतला. लोकशिक्षण, गावसंघटना, कायद्याची अंमलबजावणी व व्यसनोपचार ही त्याची अंगे आहेत. तालुक्यातील कार्यकर्ता गावसंघटनेच्या बैठका घेतो. संघटना विक्रेत्यास आधी समजावते, मग सूचना देते व न ऐकल्यास पोलिसांना कळविते. सडवा नष्ट करण्याची कृती अहिंसक असावी, असा दंडक आहे. तो पाळणे सोपे नाही. विक्रेता बहुधा गावचाच, अनेकदा निराधार विधवा किंवा भूमिहीन कुटुंब असते, आणि दारू सोडल्यावर त्याने काय करावे हा प्रश्न संघटनेपुढे उभा राहतो. माओवादी हिंसा व तिच्याविरुद्धची कारवाई यांमुळे जिल्ह्यातील पोलिसांचे लक्ष दीर्घकाळ दुसरीकडे गुंतलेले असे, हीही अडचण होती.

या कार्यक्रमाने तंबाखूला दारूच्या बरोबरीने स्थान दिले, हे त्याचे वैशिष्ट्य. विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला ‘खर्रा’ सर्वत्र खाल्ला जातो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी खर्रा पानटपरीवर ग्राहकासमोरच तयार होत असल्याने कारखान्यापुरती केलेली बंदी त्याला पुरत नाही. दारू पिणाऱ्यास समाज नावे ठेवतो, खर्ऱ्याला तसा कलंक नाही. बायका खातात, शाळकरी मुले खातात, पाहुण्यास तो प्रथम दिला जातो. परिणाम मात्र दारुण असतात. गालाच्या आतील त्वचा कठीण होत जाऊन तोंड उघडेनासे होते व पुढे मुखाचा कर्करोग संभवतो. दारूविरोधी सभेत खिशात खर्रा घेऊन बसलेला गृहस्थ हे या भागातील परिचित दृश्य असून, या व्यसनाविरुद्ध स्त्रियांचा तसा एकजूट रोष उभा राहिला नाही, कारण त्या स्वतःही त्यात आहेत.

चंद्रपूरची बंदी उठल्यानंतर वैनगंगेच्या पलीकडून येणारी दारू व गडचिरोलीच्याही बंदीचा फेरविचार व्हावा ही मागणी, असे दुहेरी संकट गावसंघटनांपुढे आले. त्यावर शेकडो गावांनी बंदी कायम ठेवण्याचे ठराव करून शासनाकडे पाठविले. त्यांतील अनेक ठरावांवर अंगठे उठविणाऱ्या स्त्रिया १९८८ च्या मोजदादीच्या वेळी आपापल्या गावात सुना म्हणून आलेल्या होत्या.